चार मैदानं, दोन मुलं आणि आजीचा गुडघा : जवळचं मैदान शोधण्याचं एक प्रकरण

घर बदललं तेव्हा थोरली साडेआठ वर्षांची होती आणि धाकट्याला नुकती तीन पूर्ण झाली होती. जुन्या घराच्या अगदी समोर मैदान होतं. त्यामुळे मैदान शोधावं लागतं हे आमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. नव्या जागी पहिले तीन आठवडे सामान लावण्यात गेले आणि मुलं घरात अडकली. संध्याकाळी साडेपाच वाजले की थोरली सोफ्याच्या पाठीवरून उड्या मारायला लागायची, तिच्या मागे धाकटा, आणि दोघांच्या मागे दुखरा गुडघा धरत आजी. चौथ्या आठवड्यात आजीच म्हणाली, "अगं, यांना बाहेर ने. घर लहान नाहीये, यांचे पाय मोठे झालेत."

मग आम्ही सगळे करतात तेच केलं. चार जणांना विचारलं, "इथं मुलांसाठी सगळ्यात चांगलं मैदान कुठलं?" चौघांनी एकच नाव सांगितलं. पुढच्या रविवारी तिथं गेलो, आणि तो रविवार पुरता फसला. का फसला आणि त्यानंतर दोन महिने आम्ही काय केलं, ते इथं सविस्तर लिहिते आहे. असा प्रश्न विचारणाऱ्या आईबाबांना उत्तरादाखल बहुतेकदा एक नाव मिळतं. आम्हालाही नावच मिळालं होतं, पण नावानं आमचं काम झालं नाही.

पहिला रविवार

बाग खरंच सुंदर होती, त्याबद्दल काही तक्रार नाही. उंच बोगद्याची घसरगुंडी, दोरांचा मनोरा, झुलता पूल, आठ झोके. थोरली दोरांचा मनोरा बघताच पळाली. धाकट्यानं शिडी गाठली, पण शिडीची पहिली पायरी त्याच्या छातीला लागत होती. मग तो झोक्यांकडे वळला. आठही झोके सपाट बैठकीचे, तीन वर्षांच्या मुलाला धरून ठेवणारा पाळण्यासारखा बंद झोका एकही नव्हता. तो हिरमुसला आणि तडक झोक्यांच्या समोरून धावत सुटला. एका मोठ्या मुलाचे पाय त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेले. मी ओरडले, धावले, त्याला उचललं. तेवढ्यात थोरली नजरेआड झाली होती, कारण मनोरा टेकडीच्या पलीकडे होता.

आजीसाठी एकच बाक होता. तो फाटकापाशी, भर उन्हात, रस्त्याकडे तोंड करून. ती पाच मिनिटं बसली, मग उभीच राहिली.

पन्नास मिनिटांनी "चला, घरी जाऊ" असं मी म्हणाले. थोरली गाडीत रडत होती. मला वाटलं अजून खेळायचं होतं म्हणून. पण ती म्हणाली, "आई, मी अगदी वर पोचले तेव्हा तू बघतच नव्हतीस."

त्या वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. बाग चांगली होती, मुलंही शहाण्यासारखी वागली होती, आणि तरी दिवस वाया गेला होता. म्हणजे आमचा प्रश्नच चुकला होता. सगळ्यात चांगलं मैदान कुठलं, याला उत्तर नाही. आमच्या दोघांना, त्यांच्या वयांना, आजीला, एकाच वेळी, आठवड्यातल्या कुठल्याही साध्या दिवशी कुठं नेता येईल, हा प्रश्न होता.

रविवार पुरत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना मी त्याच आठवड्यात वाचल्या. ३ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस असावी, हे २०१९ च्या सूचनांत आहे. ५ ते १७ वर्षांसाठी २०२० च्या सूचना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगतात. दोन्हींत आकडा दिवसाचा आहे. गाडीनं अर्धा तास लांब असलेली बाग कितीही देखणी असली तरी हा हिशेब भागवू शकत नाही. १९८९ च्या बालहक्क संहितेतलं ३१ वं कलम मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करतं. तो हक्क रविवारी सकाळपुरता नसावा असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पहिली अट अंतराची. ब्रिटनमधल्या फील्ड्स इन ट्रस्ट या संस्थेच्या निकषांत अगदी लहान मुलांची खेळाची जागा घरापासून १०० मीटर चालीवर, त्याहून थोड्या मोठ्यांची ४०० मीटरवर आणि मोठ्या मुलांची १,००० मीटरवर असावी असं म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं युरोप कार्यालय हिरव्या जागेसाठी ३०० मीटर, म्हणजे सुमारे पाच मिनिटांची चाल, हा निकष सुचवतं. पण ही चाल मोठ्या माणसाची. मी धाकट्याला घेऊन घड्याळ लावून चालले. जे अंतर मी एकटी पाच मिनिटांत कापते, त्याला त्याच्याबरोबर तेरा मिनिटं लागली. वाटेत एक मांजर होतं, दोन झाकणं होती ज्यांवर उडी मारायलाच हवी होती, आणि एक काठी होती जी सोडून जाणं शक्य नव्हतं. आम्ही ठरवलं, धाकट्याच्या पायांनी पंधरा मिनिटं. त्यापलीकडचं मैदान महिन्यातून एकदा जाण्याच्या यादीत.

नकाशात नसलेली मैदानं

फोनवरच्या नकाशात मैदान शोधलं की ज्यांना नाव आहे, फाटक आहे, लोकांनी तारे दिले आहेत, तीच वर येतात. दोन घसरगुंड्या आणि एक झाड असलेला कोपरा तिथं दिसत नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून स्वयंसेवकांनी मिळून रंगवलेला नकाशा आहे. त्यात खेळाच्या जागेसाठी वेगळी खूण आहे. आमच्या परिसरातल्या दोन जागा तिथं होत्या, ज्या आधीच्या नकाशात नव्हत्या. नंतर उपग्रहाच्या छायाचित्रावर घराभोवतीचा भाग मोठा करून बघितला. लाल-निळे ठिपके म्हणजे खेळणी, आणि त्यांच्या बाजूला गडद डाग असला तर झाडाची सावली. सावली कुठल्या बाजूला पडते हे घरबसल्या कळलं, ते पुढे फार कामी आलं.

माणसांना विचारण्याची पद्धतही बदलली. मी फक्त अशा पालकांना विचारायला लागले ज्यांचं मूल माझ्या मुलांच्या वयाच्या एक वर्ष आत-बाहेर आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबांनी मला कुठल्या फाटकाला पायऱ्या नाहीत ते सांगितलं. हे दहा वर्षांच्या मुलाच्या आईला आठवणारच नाही, आणि तिला जे माहीत आहे ते त्याला माहीत नाही.

सगळ्यात उपयोगी ठरलं ते मात्र वेगळंच. लागोपाठ तीन दिवस संध्याकाळी साडेपाचला मी खिडकीत उभी राहिले आणि चेंडू, सायकल, स्कूटर घेतलेली मुलं कुठल्या दिशेला जातात ते बघितलं. निम्मी मुलं ज्या गल्लीत वळत होती ती कुठल्याच नकाशावर मैदानाकडे जात नव्हती. तिच्या टोकाला आम्हाला आमचं मैदान सापडलं.

एकूण सात जागा निघाल्या. एक गाड्या लावायला गेली होती. एक मुलं मोकळी असतात त्याच वेळेला कुलूपबंद असायची. एकीकडे जायला रुंद, वेगवान रस्ता ओलांडावा लागत होता. उरल्या चार, त्यातली एक ती रविवारची मोठी बाग.

बघायचं कसं

प्रत्येक ठिकाणी तीनदा गेलो: एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी, एकदा शनिवारी सकाळी, आणि एकदा मी एकटी, मुलांशिवाय. ही एकटीची फेरी कुणी टाळू नये. मूल बरोबर असलं की आपण मुलाला बघतो, जागा बघत नाही.

एका वहीत नोंदी ठेवल्या. एक रकाना मी पहिल्या रविवारच्या आठवणीनं आखला होता: "घरी जाऊ" असं आधी कोण म्हणालं. आई, आजी, थोरली की धाकटा. या एका रकान्यानं बाकी सगळ्या रकान्यांपेक्षा जास्त सांगितलं.

एकटीच्या फेरीत मी सगळ्यात आधी खाली बसायचे आणि जमीन बघायचे. मैदानावरच्या दुखापतींत सर्वांत मोठा वाटा पडण्याचा असतो, आणि पडणं किती महागात पडेल हे खेळण्यापेक्षा खालची जमीन ठरवते. गवत दिसायला मऊ, पण उंच खेळण्याखाली ते सुरक्षित धरलं जात नाही, कारण तुडवून आणि ऊन-पावसानं त्याखालची माती दगडासारखी होते. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मैदानांसाठीच्या पुस्तिकेत जाडीचे आकडे दिलेत. लाकडाच्या ढलप्यांचा दबून साधारण २३ सेंटिमीटरचा थर सुमारे ३ मीटरवरून पडणं झेलतो. तेवढ्याच जाडीची वाळू मात्र सुमारे १.२ मीटरपर्यंतच. म्हणजे वाळूवर उंच मनोरा उभा केला असेल तर तिथं थांबून विचार करायला हवा.

चौथ्या मैदानावर आडव्या दांड्यांखाली मी ढलप्यांत हात घातला. कडेला मनगटापर्यंत बुडाला. मग दांडीच्या बरोबर खाली, जिथं मुलं उड्या मारून उतरतात, तिथं घातला. दोन बोटांची पेरं गेली आणि नखं कडक मातीला लागली. ढलप्या होत्या, भरपूर होत्या, पण पाय पडून पडून बाजूला सरकल्या होत्या. इतर ठिकाणी झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी हेच होतं. जिथं मूल पडतं तिथंच थर सगळ्यात पातळ असतो. लांबून हे कधीच दिसत नाही. नुसत्या पायानं सरकवून थर सारखा करायला दोन मिनिटं लागतात, आणि मी आजही खेळ सुरू होण्याआधी ती दोन मिनिटं देते.

दुसरी गोष्ट फटींची. कठड्याच्या गजांमध्ये, शिडीच्या पायऱ्यांमध्ये साधारण ९ ते २३ सेंटिमीटरची फट धोक्याची: लहान मुलाचं अंग पायाकडून सरकत आत जातं आणि डोकं अडकतं. मी त्या मापाच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापून पर्समध्ये ठेवल्या होत्या. अरुंद पट्टी फटीत जाते आणि रुंद जात नाही, असं झालं की वहीत फुली. मोठ्या बागेतल्या झुलत्या पुलाला अशी एक फुली मिळाली. याच कारणानं गळ्याशी दोरी असलेला, टोपीचा सदरा मी मैदानावर मुलांना घालत नाही. दोरी खेळण्याच्या खाचेत अडकते.

झोक्यांचं मला पहिल्या रविवारपासूनच भय बसलं होतं. नियम सोपा निघाला: झोका ज्या आडव्या दांडीला टांगलाय तिच्या उंचीच्या दुप्पट जागा पुढे आणि दुप्पट मागे मोकळी हवी. दांडी अडीच मीटरवर असेल तर पुढे पाच मीटर, मागे पाच. त्या पट्ट्यातून कुठलीही वाट जाता कामा नये. मोठ्या बागेत फाटकापासून वाळूच्या हौदाकडे जाणारी सरळ वाट नेमकी त्यातून जात होती. धाकट्याची चूक नव्हती. तीन वर्षांचं मूल सरळच धावणार.

चारही जागा

मोठ्या बागेबद्दल सांगून झालं. ती महिन्यातून एकदा, आणि तीही दोन मोठी माणसं बरोबर असतील तरच: एक थोरलीसाठी, एक धाकट्यासाठी.

दुसरी जागा अगदी नवी होती, रंगीत, रबरी जमिनीची, चारी बाजूंनी कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक. कागदावर हीच पहिली यायला हवी होती. धाकट्याला ती आवडलीही. रबरी जमिनीवर चाकाची खुर्ची आणि बाबागाडी सहज जाते, आणि ज्या घरात कुणाला त्याची गरज आहे त्यांनी अशी जागा आधी बघावी. वाळू किंवा ढलप्यांवर चाकं रुततात. पण झाड एकही नव्हतं. दुपारी चार वाजता मी रबरावर तळहात टेकवला आणि पाचपर्यंत मोजायच्या आत उचलला. घसरगुंडी त्याहून तापलेली. लोखंडीच तापते असं नाही, प्लॅस्टिकचीही पोळते. मुलाला बसवण्याआधी आपला तळहात टेकवून बघावा, एवढं तरी प्रत्येकानं करावं.

दुसरी अडचण थोरलीची. सगळं तिच्या खांद्याइतकं उंच. दहा मिनिटांत तिचं सगळं करून झालं आणि अकराव्या मिनिटाला ती घसरगुंडीच्या छपरावर बाहेरून चढत होती. मी रागावले. नंतर वाटलं, रागवायला नको होतं. नॉर्वेच्या संशोधिका एलन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धोकादायक अवजारं, पाणी-विस्तवासारख्या धोक्याच्या गोष्टींजवळचा खेळ, दंगामस्ती, आणि एकट्यानं हरवून जाणं. साडेआठ वर्षांच्या मुलीला उंची हवीच असते. ती खेळण्यानं दिली नाही तर ती छपरावर जाऊन घेते, आणि छप्पर चढण्यासाठी बनवलेलं नसतं. मोठ्यांसाठीचं उंच खेळणं धाकट्याला धोक्याचं, आणि धाकट्याचं खेळणं थोरलीला. या दुसऱ्या धोक्याचा आपण विचारच करत नाही.

याच मैदानावर ती घटना घडली जिची आठवण मला अजून त्रास देते. धाकटा तिथल्या घसरगुंडीला घाबरत होता, म्हणून मी त्याला मांडीवर घेतलं आणि खाली आले. अर्ध्यावर त्याच्या बुटाचा रबरी तळवा घसरगुंडीच्या कडेला चिकटला. माझं सगळं वजन खाली जात होतं, त्याचा पाय वर अडकून मागे वळला. तो किंचाळला. मी कशीबशी कडा धरली आणि थांबले. पाय मुरगळला, दोन दिवस लंगडला, हाड वाचलं. नंतर कळलं की हे किती नेहमीचं आहे. अमेरिकेत २००२ ते २०१५ या काळात सहा वर्षांखालच्या साडेतीन लाखांवर मुलांना घसरगुंडीवर इजा झाल्याचा अंदाज आहे, आणि मोठ्यांच्या मांडीवर बसून येणाऱ्या मुलांत नडगीचं हाड मोडणं ही ठरलेली दुखापत आहे. एकटं मूल अडकलं तर थांबतं. आपण मागे असलो की आपलं वजन त्याचा पाय मोडतं. आपण प्रेमानं, त्याला सुरक्षित वाटावं म्हणून मांडीवर घेतो, आणि तेच नडतं. त्या दिवसापासून धाकटा एकटा झेपेल त्याच घसरगुंडीवर जातो, मी बाजूला उभी राहते.

तिसरी जागा म्हणजे गल्लीच्या टोकाची. मुलांनी पहिल्याच दिवशी तिला 'टेकाड' नाव दिलं. एक मातीचा उंचवटा, त्याच्या उतारात बसवलेली रुंद घसरगुंडी, तीन आडवे ओंडके, वाळूचा हौद, पाण्याचा एक नळ, दोन मोठी झाडं आणि दोन झोके, त्यातला एक लहानांसाठी बंद. बस. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, इथं पंधरा मिनिटांत कंटाळतील. वहीतली नोंद: एक तास चाळीस मिनिटं, आणि "घरी जाऊ" हे आजी म्हणाली, तेही पावसाचे थेंब पडायला लागले म्हणून.

का रमतात ते कळायला मला तीन फेऱ्या लागल्या. उतारात बसवलेल्या घसरगुंडीला खाली पडायला उंचीच नसते, त्यामुळे धाकटा एकटा चढतो. थोरली त्याच घसरगुंडीवर उलटी, खालून वर पळत जाते. एकच वस्तू, दोन वयं. वाळू आणि पाणी एकत्र आलं की धाकटा धरण बांधतो, थोरली त्याला कालवा खणून देते, आणि तिथं त्यांचं वयाचं अंतर पुसून जातं. डच वास्तुकार आल्डो फान आइक यांनी १९४७ पासून तीस वर्षांत अ‍ॅमस्टरडॅममध्ये सातशेहून जास्त खेळाच्या जागा उभ्या केल्या, कित्येक तर दोन घरांमधल्या रिकाम्या तुकड्यावर. त्यांत बहुतेकदा वाळूचा हौद, काही दांड्या, उड्या मारायला गोल ठोकळे एवढंच असायचं. कशाला काय म्हणायचं ते मुलांनी ठरवायचं. टेकाडावर बसून मला ते पटलं.

टेकाडाचे दोष नाहीत असं नाही. कुंपण अर्धंच आहे. हौदाला झाकण नाही, आणि कुत्री-मांजरं वाळूत घाण करतात. त्यातून जंताची अंडी मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून आधी फावड्यानं वरची वाळू चाळायची आणि निघताना नळावर हात धुवायचे, हा आमचा न मोडणारा नियम आहे.

आणि आजीचा बाक. तो झाडाखाली आहे, त्याला पाठ आहे आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे आहेत. गुडघा दुखणाऱ्या माणसाला बसणं सोपं असतं, उठणं अवघड. दांड्यांवर जोर देऊन ती स्वतःची स्वतः उठते. तिथून हौद आणि उतार दोन्ही मान न वळवता दिसतात. माझ्या मते मैदान किती चालेल हे त्याच्या बाकावरून ओळखता येतं. मोठ्या माणसाला बसवत नसेल तर मूल कितीही रमलं तरी अर्ध्या तासात त्याला ओढून नेलं जातं.

चौथी जागा शाळेमागचं मोकळं मैदान. आडव्या दांड्या, चेंडूसाठी जाळीचं आवार, बाकी सपाट. धाकट्यासाठी काही नाही. थोरलीसाठी सगळं आहे असं मला वाटलं होतं. पहिल्या संध्याकाळी ती जाळीच्या कडेला उभी राहिली, वीस मिनिटं. आत बारा-तेरा वर्षांचे मुलगे खेळत होते. कुणी तिला हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही. वहीतली नोंद: "घरी जाऊ" – थोरली. सगळ्या वहीत तिच्या नावावरची ही एकमेव नोंद.

व्हिएन्नात १९९० च्या दशकात हे अभ्यासलं गेलं होतं. साधारण नऊ-दहा वर्षांनंतर सार्वजनिक बागांतून मुली झपाट्यानं कमी होतात, मुलगे होत नाहीत, असं दिसलं. एकच मोठं मोकळं पटांगण असलं की ते जो जोरानं मागतो त्याचं होतं. मग शहरानं १९९९ पासून काही बागा बदलल्या: मोठ्या पटांगणाचे झाडझुडपांनी लहान भाग केले, वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, आणि मुली परत यायला लागल्या. माझी मुलगी लाजाळू नाही. तिला उभं राहायला जागा नव्हती, एवढंच.

काय ठरवलं, आणि पुढे

एक मैदान निवडायचंच नाही, हे ठरलं. रोजचं टेकाड. आठवड्यात दोन दिवस बाबा थोरलीला एकटीला शाळेमागच्या मैदानावर नेतो, दांड्यांसाठी, मुलं कमी असतात त्या वेळेला. महिन्यातून एकदा मोठी बाग. नवं रंगीत मैदान पावसानंतर, जेव्हा टेकाडावर चिखल असतो आणि रबर वाळलेलं असतं.

तीन महिन्यांत थोरली ओंडक्यावरून दोनदा पडली, एकदा कोपर सोललं. मी त्यावरून टेकाड बंद केलं नाही. पण झोक्याखालचा खड्डा मात्र सोडला नाही. तिथं ढलप्या पार निघून पाण्याचं डबकं साचायचं. देखभाल करणाऱ्या कार्यालयाला मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो पाठवला, उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा सहा घरांच्या सह्यांनिशी पाठवला, त्यात जागा, झोका क्रमांक, खड्ड्याची खोली आणि हवा असलेला थर एवढंच लिहिलं. पाच आठवड्यांनी ढलप्यांचा ढीग येऊन पडला. पसरायला मुलंच धावली. धाकट्यानं बादलीनं वाहिल्या.

शाळेमागच्या मैदानाचं अजून सुटलेलं नाही. थोरलीला तिथं तिच्या वयाच्या दोघीजणी भेटल्या. तिघींनी दांड्यांचा कोपरा धरलाय. पण दांड्या दोनच उंचीच्या आहेत. खालची त्यांना आता बुटकी पडते, वरचीला हात पोचत नाही. मधल्या उंचीची एक दांडी आणि त्या कोपऱ्यात एक बाक, अशी मागणी त्यांनी स्वतः लिहिली आहे. वहीच्या पानावर, पेन्सिलनं, तिघींची नावं आणि हात वर केल्यावरची प्रत्येकीची उंची. गेल्या सोमवारी ती पाकिटात घालून मी त्याच कार्यालयात देऊन आले. थोरलीनं मला बजावलंय, उत्तर आलं की पाकीट तिनंच फोडायचं.